चेहऱ्याचा जोड

बाळासोंनी ठरवलं होतं ते एवढंच, की अकरा मेला सकाळची वेळ मिळते का, हे शाहूपुरीतल्या फोटो स्टुडिओत जाता जाता विचारून यावं. (बाळासो आयुष्यातली बहुतेक कामं जाता जाताच करत आले होते. मुद्दाम ठरवून केलेलं काम म्हणजे एक लग्न, आणि तेही त्यांच्या वडिलांनी ठरवलेलं.)

त्या लग्नाला अकरा मे दोन हजार तीन रोजी पंचवीस वर्षं होणार होती. लग्नाचा फोटो घरात एकच होता, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात आक्काताई ताठ मानेनं कॅमेऱ्याकडे बघतायत आणि शेजारी बाळासो मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे. चपलांचा धंदा घरचाच असल्यामुळे नवरदेवानं लग्नाच्या चपला स्वतःच्या हातानं केल्या होत्या, आणि नेमकं फोटोच्या वेळी उन्हात त्यांच्या लक्षात आलं की उजवी चप्पल डावीपेक्षा थोडी काळी आहे. आता जोड जुळला नाही तर कारागिरानं मान वर कशी करायची? तेवढ्यात फोटोग्राफरनं बटण दाबलं.

आक्काताई आल्यागेल्याला तो फोटो दाखवत. "ह्यो आमच्या लग्नाचा फोटू. ही मी. आणि हे चपलंकडं बघाय लागल्यात ते आमचं मालक."

पाहुणे हसत. बाळासोही हसत, पण आतून त्यांना दरवेळी लागत असे. बायकोनं पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. यंदा मागितलं, तेही एकच. "एक फोटू काढूया. कलरमधी. आणि समोर बघायचं, माणसागत."

एवढं एक तरी धड करून दाखवायचं, असं बाळासोंनी मनाशी पक्कं केलं होतं.

स्टुडिओवाला संग्राम हौशी होता. "आलायसा तर बसा की काका, लाइट बघून ठिवतो," म्हणाला. बाळासो स्टुलावर बसले. संग्रामनं उजवीकडचा दिवा पुढे घेतला. मग मागे घेतला. मग वर केला. मग छत्री लावलेला दुसरा दिवा आणला. शेवटी अगदी जवळ येऊन त्यानं बाळासोंच्या उजव्या गालावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"काय झालं?"

"मला वाटलं सावली पडत्या. सावली न्हवं ओ काका, तुमचं त्वांडच तसं हाय!"

त्यानं आरसा पुढे धरला. डावा गाल सावळा, उजवा गाल काळा, आणि नाक बरोबर मधोमध फाळणी झाल्यासारखं. पन्नाशीच्या माणसाला आपलं तोंड दोन रंगांचं आहे हे परक्या माणसाकडून कळावं, यासारखं दुःख नाही. घरी आरसा नव्हता असं नाही, पण बाळासो त्यात फक्त मिशी बघत.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गेली वीस वर्षं बाळासो दुकानावरच्या गच्चीत चपला वाळवत. ओल्या चपला पसरायच्या, उलटायच्या, पुन्हा उलटायच्या, आणि कुत्री येतात म्हणून राखण करत बसायचं. बसायची जागा ठरलेली, डावा खांदा पाण्याच्या टाकीला टेकून. टाकीची सावली डाव्या गालावर आणि कोल्हापूरचं अख्खं ऊन उजव्या. वीस वर्षं.

दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. पण बाळासो कारागीर होते आणि ही अडचण त्यांच्या धंद्यातली रोजची होती. शोकेसमध्ये जोडातली एकच चप्पल ठेवतात. तिच्यावर ऊन येऊन ती काळवंडते आणि खोक्यातली पिवळीच राहते. गिऱ्हाईक आलं की पंचाईत. काळी झालेली काही पुन्हा पिवळी करता येत नाही. मग खोक्यातली काढायची, तिला तेल चोळायचं आणि चार दिवस कडक ऊन दाखवायचं. जोड झकास जुळतो.

(इथे पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आक्काताईंच्या आलं नाही, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.)

दुसऱ्या दिवसापासून बाळासोंनी जागा बदलली. आता टाकी उजव्या खांद्याला. डाव्या गालाला आणि नाकाला चपलांचं तेल चोपडलं, आणि सकाळी दहा ते दुपारी चार मे महिन्याच्या उन्हाकडे डावा गाल करून बसले. मधूनमधून आरशाच्या तुकड्यात बघत आणि समाधानानं मान हलवत. रंग धरत होता. तो लाल होता, काळा नव्हता, पण चपलेचं पिवळं कातडंही काळं पडायच्या आधी लाल होत जातं, हे त्यांना ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आक्काताई जेवणाचा डबा घेऊन गच्चीवर आल्या आणि त्यांच्या हातातून ताकाचा तांब्याच पडला.

"अवं, ह्ये काय करून घेतलायसा!"

डावा गाल टम्म सुजला होता. नाक मिरचीसारखं लाल झालं होतं आणि डावा डोळा उघडत नव्हता.

"जोड जुळवाय लागलोय," बाळासो उघड्या डोळ्यानं म्हणाले.

लेक क्रांती वारणानगरच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आली होती. तिनं वडलांना रिक्षात घातलं, आईला शेजारी बसवलं आणि शाहूपुरीत डॉक्टर निशांच्या दवाखान्यात नेलं. दारावरची पाटी बाळासोंनी एका डोळ्यानं वाचली. "त्वचारोगतज्ज्ञ. म्हंजे कातडीवाल्याच की. आमच्याच लायनीतल्या."

डॉक्टर निशांनी दोन्ही गाल बघितले. "उजवीकडं बरंच टॅनिंग झालंय."

बाळासोंचा चेहरा, जेवढा खुलू शकत होता तेवढा खुलला. "पक्कं झालंय?"

"अं? हो, वीस वर्षांचं म्हणजे पक्कंच."

"मग चिंता न्हाय. टॅनिंग पक्कं झालेलं कातडं कुजत न्हाय, किडत न्हाय. कच्चंच खराब हुतंय."

डॉक्टरीणबाईंनी क्रांतीकडे बघितलं. क्रांतीनं जमिनीकडे बघितलं. "पप्पांचं चपलांचं दुकान हाय. कातडं कमवायला बी टॅनिंगच म्हणत्यात," ती हळूच म्हणाली.

मग तेलाचा आणि जोडाचा सगळा प्रकार बाहेर आला. डॉक्टर निशा मूळच्या कोल्हापूरच्याच, त्यामुळे हसू आवरत त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग खुर्ची पुढे ओढली.

"काका, चपलेचं कातडं मेलेलं असतं. त्याला ऊन द्या, तेल द्या, ते काय बोलणार? तुमचं अजून जिवंत हाय. त्याला ऊन लागलं की ते जीव वाचवायला काळं पडतं. एकेका दिवसाचं ऊन ते आत साठवून ठेवतं. आज काही दिसत नाही. पुढं सुरकुत्या येतात, डाग पडतात. आणि एखाद्याचा डाग नुसता डाग राहत नाही."

असं म्हणून त्यांनी भिंग घेतलं आणि उजव्या गालावरचा एक काळा ठिपका बराच वेळ बघितला. आक्काताईंनी पदर तोंडाशी धरला होता. जोड, फोटो, रंग सगळं त्या घटकेला त्यांच्या मनातून गेलं. माणूस धड असू दे, एवढंच राहिलं.

"साधा तीळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण वाढला, रंग बदलला किंवा रक्त आलं तर लगेच यायचं. जाता जाता नाही. मुद्दाम."

मग सूचना झाल्या. गाल बरा होईपर्यंत उन्हात पाऊल टाकायचं नाही. पुढंही दहा ते चार गच्चीवर जायचं नाही, गेलंच तर छत्री, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाहेर पडायच्या आधी सनस्क्रीन लावायचं, कान आणि मान विसरायची नाही, दर दोन तासांनी पुन्हा. आणि साल निघायला लागेल, ती ओढायची नाही. आपोआप गळू द्यायची.

"एसपीएफ तीसचं घ्या."

बाळासो दचकले. "तीस नंबर? मला आठ नंबर बसतोय ओ."

क्रांतीनं रिक्षा बोलावली.

सूज उतरली आणि बाळासो आदर्श पेशंट झाले. सनस्क्रीन त्यांनी पॉलिश लावतात तसं लावलं, म्हणजे दोन हात आणि वर ब्रश. पांढरं तोंड घेऊन ते दुकानात, अगदी आतल्या कोपऱ्यात बसले, तर समोरचा गुंडू ओरडला, "बाळासो, भिताडाचा चुना उरला व्हय?" गच्चीवर टाकीला एक मोठी काळी छत्री बांधली गेली. कुत्र्यांसाठी कठड्याला जाळी आली. ही जाळी वीस वर्षांपूर्वीही बांधता आली असती, असं आक्काताई म्हणाल्या.

सगळं ठीक होतं. एकच घोळ झाला. डाव्या गालाची साल गेली आणि खालून जी कातडी आली ती कोवळी आणि गुलाबी होती. पूर्वी जोड काळा-सावळा होता. आता काळा-गुलाबी झाला.

अकरा मेला सकाळी दहाच्या आत (डॉक्टरांचा हुकूम) तिघं स्टुडिओत पोचली. आक्काताई हिरवं इरकल नेसल्या होत्या, केसांत गजरा होता. संग्रामनं बाळासोंकडे बघितलं आणि दिव्यांना हातच लावला नाही.

"काका, काय केलायसा हे? आता तर दोन माणसं दिसाय लागल्यात." मग त्याला सुचलं. "ब्लॅक अँड व्हाइट काढूया का?"

"ब्ल्याक अँड व्हाइट घरात हाय एक," आक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा कापरा झाला होता.

बाळासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोची एक मागणी, तीही आपल्या हातानं आपणच भाजून ठेवली. त्यांची मान पुन्हा खाली जाऊ लागली, थेट चपलांकडे. (जोड उत्तम जुळला होता.)

"मान वर, पप्पा!" क्रांती ओरडली. "समोर नका बघू, मम्मीकडं बघा. म्हंजे एकच गाल येतोय."

आक्काताई डाव्या अंगाला बसल्या होत्या. बाळासो तिकडे वळले. काळा गाल कॅमेऱ्याकडे राहिला, गुलाबी बायकोकडे. आणि संग्राम दिवे लावीपर्यंत, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, बाळासो काहीही काम नसताना बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग होते. ते कधी आले, त्यांना आठवेना.

"तुला बी उनाचा तरास झालाय की गं," ते हळूच म्हणाले. "तू कधी उनात बसलीस?"

"रोज बारा वाजता गच्चीवर तुमचा डबा घेऊन कोण येतंय? आणि तुमचं जेवण हुईस्तवर उभं कोण ऱ्हातंय?"

एवढी वर्षं ते टाकीच्या सावलीत अर्धे तरी बसले होते. ती मात्र पूर्ण उन्हात उभी होती.

"उद्यापासनं मी खाली येतो जेवाय," ते म्हणाले. "आणि ते तीस नंबरचं तुला बी आणतो."

आक्काताईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम खळखळून हसल्या. संग्रामनं बटण दाबलं.

फोटो असा आला की संग्रामनं तो मोठा करून द्यायची परवानगी मागितली. दुकानात गल्ल्याच्या वर तो आता लावलेला आहे. आक्काताई हसतायत आणि बाळासो त्यांच्याकडे टक लावून बघतायत. गिऱ्हाईक चपलेत पाय घालत असलं तरी बाळासो त्याला मान वर करायला लावतात.

"बगा पावणं, ह्याला म्हणायचं फोटू. आणि नाकाच्या शेंड्यावर लाइट कसा मारलाय बगा, मोत्यागत! मी एक शब्द बोललो आणि ही कशी हसली बगा."

महिनाभर हे चाललं. एके दिवशी दुपारी, खाली दुकानात सावलीत बसून जेवताना, त्यांनी लाडात येऊन विचारलंच. "त्या दिवशी मी डब्याचं बोललो, ते तुला लई लागलं, न्हवं? म्हणून हसलीस."

"ते बी खरंच," आक्काताई भाकरी वाढत म्हणाल्या. "लागलं की. पण हसू त्याचं न्हवं."

"मग?"

"तुमच्या नाकाला साल लोंबकळत हुती. पंख्याच्या वाऱ्यानं फडफडाय लागलेली. डाक्टरीणबाई ओढू नका म्हणाल्या हुत्या, म्हणून हात लावला न्हाय."

बाळासोंचा घास हातातच राहिला. "मग फोटू काढायच्या आदी पडली न्हवं ती?"

आक्काताईंनी गल्ल्यावरच्या फोटोकडे बोट केलं. बाळासो उष्ट्या हातानं उठले, चष्मा लावला आणि स्टुलावर चढून त्यांनी नाकाच्या शेंड्यावरचा तो मोत्यागत लाइट पहिल्यांदाच नीट, अगदी जवळून बघितला.