सुंदराबाईचा ट्रेलर

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा शेजारी जास्त होते. तिथे सुंदराबाई नावाची सायाळ राहायची.

तिची एकच इच्छा होती. डोंगरापलीकडच्या तळ्यावर हिवाळ्यात गुलाबी रोहित पक्षी येतात, ते एकदा डोळे भरून बघायचे. दरवर्षी काही ना काही आडवं यायचं. यंदा मात्र तिने चक्क ट्रेलर घेतला. आत दोन बिछाने, एक चूल आणि एक खिडकी. ओढायला गवेदादा तयार झाले.

"पक्षी परवा उडणार," गवेदादा म्हणाले. "उद्या सकाळी निघू. सामान मोजकंच घ्या हं, वहिनी."

"अगदी मोजकं!"

आणि खरंच, तिने तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेटी, कंदील, दोरी आणि पाण्याचं पिंप एवढंच भरलं. नवऱ्याने, म्हणजे नानांनी, पाटा-वरवंटा आणला. तो तिने परत ठेवायला लावला.

सकाळी निघणार, तोच शेजारची भागू माकडीण डबा घेऊन आली.

"वाटेत खायला चकल्या गं. डबा तेवढा दे, माझ्या माहेरचा आहे."

आता रिकामा डबा परत करायचा नसतो, हे तर कालचं पिल्लूही जाणतं. सुंदराबाईने पिंपातलं पाणी ओतून त्यात चकल्या भरल्या, चूल पेटवली आणि डबाभर गूळपोळ्या करून दिल्या.

"अगंबाई, एवढ्या!" माकडीण म्हणाली. "मग मी काय अशीच बसू?" ती धावत गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. बरणीही माहेरचीच होती.

हे सशिणीने पाहिलं. मुंगशिणीने पाहिलं. घोरपडबाईने तर दोन डबे आणले. सुंदराबाई तळत होती, भाजत होती, भरत होती. डबे येत होते, जात होते, पुन्हा येत होते. संध्याकाळी नानांना बसायला लाडवांवर जागा मिळाली.

"दादा, आता ओढा!"

गवेदादांनी जोर लावला. ट्रेलर हलला, पण खाली. चारही चाकं मातीत गडप झाली.

दुसऱ्या दिवशी डोंगरामागून गुलाबी ढग उठला. पक्षी निघाले होते. सुंदराबाई पायरीवर बसून रडू लागली.

"चकली खातेस का?" नाना म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात ढग डोक्यावर आला आणि थबकला. महिनाभर शेवाळ खाऊन पक्ष्यांची तोंडं आंबली होती.

"काकू," पुढचा पक्षी वरूनच ओरडला, "हा खमंग वास कसला हो?"

आणि अख्खा थवा अंगणात उतरला! चुलीजवळ गुलाबी, छपरावर गुलाबी, गवेदादांच्या शिंगांवर दोन गुलाबी. सुंदराबाई रडता रडता हसत सुटली. पक्षी तीन दिवस राहिले. लोणच्याची बरणी त्यांनी चाटूनपुसून ठेवली.

"काकू," जाताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तळ्यावर कोण जातंय!"

तात्पर्य : प्रवासाचं सामान इतकं भरावं, की निघताच येऊ नये. जगात बघण्यासारखं जे काही आहे, त्याला कधीतरी भूक लागतेच.