रविवारी पाच वाजेपर्यंत गंभीर

गंभीर राहायला काही अक्कल लागत नाही. तोंड मिटायचं, भुवया थोड्या खाली घ्यायच्या आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या कानामागे कुठंतरी पाहायचं. आमच्या अमरावतीत एवढ्याच भांडवलावर पतसंस्थेचे अध्यक्ष झालेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून सूनबाईनं जेव्हा विचारलं, "बाबा, रविवारी पाच वाजेपर्यंत तुमी गंभीर रायसान का?" तेव्हा मी म्हटलं, "पाचपर्यंतच काऊन? सोमवारपर्यंत राहतो की."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक उगवणशक्तीची हमी दिलेल्या बियाण्याकडे पाहतं. बियाण्याच्या दुकानात माझी उमर गेली, ती नजर मी ओळखतो.

सूनबाई म्हणजे पौर्णिमा, माहेर अकोला. रशियात राहून डॉक्टरकी शिकून आली. पण तिकडची डॉक्टरकी इकडे चालायची तर इकडची एक परीक्षा पास व्हावं लागतं, आणि ती परीक्षा हिला दोनदा चकवून गेली. तेव्हापासून अकोला-अमरावतीतल्या समस्त नातेवाइकांना एकच प्रश्न उरला आहे: "मंग आता काय करून रायली पौर्णिमा?" लग्नात विचारतात, बारशात विचारतात. आमचा एक साडू तर तेरवीच्या पंगतीत वरण वाढता वाढता विचारून गेला.

अशात तिला रशियातल्या कझानच्या एका बाईंनी काम देऊ केलं. ल्युडमिला पेत्रोव्हना त्यांचं नाव. रशियन म्हणी आणि वाक्प्रचारांचं इंग्रजीत मोठं पुस्तक काढायचं होतं. आधी नमुन्याचं एक प्रकरण करून दाखवायचं, ते पसंत पडलं तर सगळं पुस्तक हिचं. वर्षभराचं काम, वर पुस्तकावर नाव. म्हणजे साडूच्या तोंडावर मारायला काहीतरी छापील.

नमुन्याचं प्रकरण होतं गांभीर्यावर. आता आमच्या घरात गांभीर्य म्हणजे मेळघाटातला वाघ. आहे म्हणतात, दिसत कोणाला नाही.

पौर्णिमा जेवणाच्या टेबलावर वही पसरून बसायची आणि मी भेंड्या चिरता चिरता मदत करायचो.

"बाबा, हे पहा. 'बेज दुराकोव'. शब्दशः म्हटलं तर मूर्खांना वगळून. म्हणजे मस्करी नाही, खरंच सांगतो. इंग्रजीत काय लिहू? 'विदाउट फूल्स' लिहिलं तर ल्युडमिलाबाई मलेच वगळतीन."

"मूर्खांना वगळून बोलायचं म्हटलं तर आपल्या घरी बोलन कोन?"

"बाबा."

"बरं, पुढचं सांग."

"कामाला वेळ, गमतीला तास. 'बिझनेस बिफोर प्लेजर' जवळ जाते, पण त्यात तासाची मजा जाते."

"त्याईच्याकडे गमतीला पुरा तास देतात? मंग ते कायचे गंभीर लोक?"

माझी मदत ही अशी. मागच्या रविवारी तर ल्युडमिलाबाईंशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी ओसरीवर शफीला एक गोष्ट सांगितली. शफी म्हणजे आमच्या दुकानाशेजारचा गादीवाला, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो हसला की कापूस पिंजायची मशीन चालू झाल्यासारखं वाटतं. ते हसणं थेट कझानला पोचलं. बाईंनी चष्मा काढला आणि एक रशियन म्हण टाकली: कारणाशिवाय हसणं ही मूर्खाची खूण. आणि म्हणाल्या, आता हिचं इंग्रजी करून दाखवा.

पौर्णिमानं करून दाखवलं. पण रात्री ती जेवली नाही. शेवटचा कॉल या रविवारी चार वाजता होता आणि त्यातच काम द्यायचं की नाही ते ठरणार होतं. म्हणून मला ही पाच वाजेपर्यंतची अट.

गाडी घाटात चढवायची तर इंजिन आधी तापवावं लागतं. मी रविवारी सकाळपासूनच गंभीर झालो. मुलगा शिवम बियाणं घेऊन धारणीला गेलेला. आमची बायको पार्वताबाई गुडघा दाखवायला दोन दिवसांसाठी अकोल्याला पोरीकडे गेलेली. सकाळी तिचा फोन आला.

"मी दुपारच्या बसनं येऊन रायली. डॉक्टरनं तेल देलं. तुमी जेवले का?"

"हो."

"बरं हाय ना?"

"हो."

"काही बोलत काऊन नाई?"

"नाही."

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, जमलं.

मग शफीकडे गेलो. त्याच्या गाद्यांच्या थप्पीवर बसून रोज सकाळी चहा घ्यायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचा बाजारभाव काढायचा, हा आमचा नेम आहे. त्या दिवशी समोरून बँकेचे साहेब केसांना मेंदी लावून गेले. असा लाल झेंडा की आगगाडी थांबावी. शफीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"भाऊ, देखा नहीं क्या?"

"पाहिलं."

"आन काही बोलले नाई?"

मी उसासा टाकला. तो हसू दाबायचा उसासा होता, पण बाहेरून सगळे उसासे सारखेच दिसतात.

शफीनं कप खाली ठेवला. "भाभी अकोल्याहून आल्या?"

"नाही."

"तबियत?"

"आता काय सांगू," मी म्हटलं. कारण गुडघ्यावर माझ्याकडे तयार अशा तीन गोष्टी होत्या आणि एकही सांगायची सोय नव्हती. मी अर्धा चहा टाकून उठलो. अर्धा चहा टाकलेला मला शफीनं जन्मात पाहिला नव्हता.

आता आमच्याकडे एक रीत आहे. कोणाच्या घरी वाईट झालं असं कळलं की तिथं जाऊन विचारायचं नाही. काय झालं, केव्हा झालं, हे विचारणं म्हणजे जखमेत बोट घालणं. जायचं, डोक्यावर दुपट्टा टाकायचा, हात जोडायचे आणि गुपचूप बसायचं. सांगणारा सांगेल तेव्हा सांगेल.

साडेतीनला मी ओसरीवर आलो तर शफी डोक्याला रुमाल बांधून बसला होता. मागोमाग समोरचे किशोर मास्तर आले. मग गल्लीतले आणखी चार-पाच. हात जोडले, बसले. कोणी चकार शब्द काढेना. मला भरून आलं. पौर्णिमानं यांनाही सांगितलेलं दिसतं, आणि पोरीसाठी गल्ली एवढी गंभीर होते! मीही हात जोडले. डोळ्यांत थोडं पाणी आलं, ते पाहून मास्तरांनी मान फिरवली.

मग शफीची बायको खुर्शीदबी झाकलेलं पातेलं घेऊन आली. खिचडीचा वास आला. "चूल्हा मत जलाना भाईसाब," ती हळूच म्हणाली. कॉल चालू असताना कुकरची शिट्टी नको, एवढा बारीक विचार! मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

शेवटी बुधाजी आले. गल्लीतलं कोणतंही शेवटचं काम बुधाजींशिवाय होत नाही. बांबू कुठं, मडकं कुठं, सगळं त्यांना पाठ. ते माझ्याजवळ टेकले आणि कानाशी पुटपुटले, "अकोल्यावरून कवा आनून रायले?"

बायकोची एवढी चौकशी? मी गंभीरपणे सांगितलं, "निघाली आहे. चार-साडेचारपर्यंत येईल."

"गाडी कोनती?"

"बस."

बुधाजींनी कपाळाला हात लावला. "बसनं? भाऊ, आमी मेलो का? गाडी केली असती."

"कशाला? तिकीट अर्धं लागतं."

"आन स्टँडवरून?"

"ऑटो. शेअरचा. एकटीसाठी सेपरेट कोण करतं?"

बुधाजी उठले, शफीजवळ गेले आणि कुजबुजले, "डोक्यावर परिनाम झाला याच्या." खुर्शीदबीनं मला साखर-पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

चार वाजता पुढच्या खोलीत कॉल लागला. पौर्णिमा दाराकडे पाठ करून बसली होती, कानाला हेडफोन. म्हणजे तिला मागचं काही दिसत नव्हतं, पण ल्युडमिलाबाईंना दारातून सगळं दिसत होतं: चौकटीत मी, हात बांधून उभा, आणि माझ्यामागे डोकी झाकलेले शहाणेसुरते लोक, दगडासारखे. एकही पापणी हलत नव्हती. पौर्णिमा एकेक वाक्प्रचार समजावत होती. बाई ऐकत होत्या, मधूनच माझ्याकडे पाहत होत्या. मी भुवया आणखी खाली घेतल्या.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

पार्वताबाई पिशवी घेऊन उतरली. तिनं पाहिलं: आपल्या दारात बुधाजी, डोईवर दुपट्टे, खिचडीचं पातेलं. सकाळी फोनवर नवरा नुसतं हो-नाही करत होता. तिनं हिशेब जुळवला. पिशवी सोडली आणि ओसरीच्या पायरीवर बसकण मारून असा सूर लावला की समोरच्या कडुनिंबावरचे कावळे उठले.

"कसे गेले वं माय मले टाकून!"

ओसरीवरचे लोक जिथल्या तिथे गोठले. जिच्यासाठी आले होते तीच रडत होती. बुधाजींच्या हातातली विडी गळून पडली.

मी पुढे होऊन सांगायला पाहिजे होतं. नाही असं नाही. पण तुम्हीच विचार करा, माणूस जन्मभर घासतो आणि आपल्याबद्दल बायकोच्या मनात नेमकं काय जमा आहे हे त्याला कधी कळत नाही. आमच्याकडे बाई रडताना गेलेल्या माणसाचे गुण आळवते. अशी संधी पुन्हा येत नाही. मी दाराच्या पडद्याआड सरकलो.

"बजारातून किडकेच वांगे आनत जाय वं माय!"

हे सुरुवातीला असतं, मी मनाशी म्हटलं. पुढे येईल.

"साजरं लुगडं नेसलं तं मनत जाय, पडदे बदलले का!"

पौर्णिमानं हेडफोनची पिन उपसली आणि मागे वळून पाहिलं. सासू, गल्ली, बुधाजी, पडद्याखाली माझे पाय. पोरगी हुशार, एका नजरेत तिला सगळं उमगलं. पण लॅपटॉपमधून आवाज आला. ल्युडमिलाबाई इंग्रजीत विचारत होत्या, त्या काय म्हणत आहेत? रशियनमध्ये सांगा, मग इंग्रजीत.

पौर्णिमा सरळ बसली. आणि सांगू लागली. रशियन मला कळत नाही, पण किडक्या वांग्यांचं इंग्रजी मला स्पष्ट ऐकू आलं. पडद्यांचंही. आवाज असा, जसा रेडिओवर कापसाचे भाव सांगतात.

"गुडघा दुखला का रातच्याला पाय दाबून देत जाय वं," पार्वताबाईचा सूर खाली आला, "आन मनत जाय, कोनाले सांगू नको!"

पौर्णिमा इथं जरा थांबली. मला वाटलं, हसणार. पण ती बाईंना शांतपणे म्हणाली, "एक मिनिट, याला नेमका शब्द शोधते." शोधला आणि सांगितला.

ओसरीवर शफीचे खांदे हलायला लागले. मी पडदा फाडतच बाहेर आलो.

"अवं, मी जिता हावो ना!"

मग जे झालं ते गल्ली अजून सांगते. शफीची मशीन सुरू झाली, मास्तर दुपट्टा तोंडात कोंबून वाकले, बुधाजी भिंतीला धरून बसले. पार्वताबाईनं आधी माझा हात चाचपून पाहिला, मग डोळे पुसले, मग सगळी हकिकत ऐकली आणि विचारलं, "म्हंजे मी मेली समजून बसले होते हे? गुडघ्यानं?"

"भाभी, भाऊचं तोंडच तसं होतं," शफी म्हणाला.

मी हळूच आत डोकावलो. लॅपटॉपच्या पडद्यावर ल्युडमिलाबाई चष्मा काढून डोळे टिपत होत्या, खांदे गदगदत होते. हसू न आलेली त्या खोलीत एकच व्यक्ती होती. ती पेन हातात धरून पुढच्या शब्दाची वाट पाहत बसली होती.

काम तिला मिळालं. गल्लीला वेड लागलेलं असताना जिनं किडक्या वांग्यांचं भाषांतर न हसता केलं तिला गांभीर्य शिकवायची गरज नाही, असं बाई म्हणाल्या. सगळं पुस्तक पौर्णिमाचं.

मी पुढे सरसावलो. म्हटलं, वातावरण मी तयार केलं, सकाळपासून राबलो, निदान नोंद तरी व्हावी. "माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

पौर्णिमानं हेडफोन गुंडाळून ठेवला. आता तिला हसू आवरत नव्हतं. "म्हणाल्या ना. मागे दारात ते गृहस्थ उभे होते, त्यांच्या पोटात फार दुखत होतं का? म्हणे, तुमी स्वतः डॉक्टरकी शिकलेल्या, आधी त्यांना काहीतरी औषध द्यायचं होतं."

पार्वताबाई खिचडी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याईले सांग, त्याच्यावर औषध नाई. मी अकोल्याच्या डॉक्टरलेबी विचारून आली."