बटव्यावर बसवलेला नवरा

सुरेखाबाईंवर कोणी विश्वासच ठेवत नव्हतं. "अरे, इथंच पुरलाय मी बटवा! माझ्या या हातांनी!" असं त्या बार्सिलोनाच्या वाळूत उभ्या राहून ओरडत होत्या, आणि पोटची लेक म्हणत होती, "आई, नीट आठव."

आठवायचं काय डोंबल? तासाभरापूर्वीची गोष्ट. बटव्यात चौघांचे पासपोर्ट आणि संध्याकाळी डब्लिनचं विमान!

झालं असं. लेक मुक्ता आणि जावई विक्रांत आयर्लंडात राहतात, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात. सुरेखाबाई नवऱ्याला घेऊन सांगलीहून तिथं गेल्या आणि खिडकीतून पाऊस बघत बसल्या. (दुसरं बघायला होतं काय? ट्राम. तीही भिजलेली.) "अंगाला बुरशी यायच्या आत एकदा ऊन दाखवा रे," एवढंच त्या म्हणाल्या, तर जावयानं थेट बार्सिलोनाची तिकिटं काढली.

शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेल सोडलं. विक्रांत म्हणाला, "आई, बॅगा, पासपोर्ट सगळं इथंच लॉकरमध्ये ठेवू. एकदम ग्रँड." (डब्लिनला राहून त्याला सगळंच ग्रँड झालंय. ताप आला तरी ग्रँड.)

"हॉटेल त्यांचं, कपाट त्यांचं, किल्ली त्यांची. आणि चोर काय परगावाहून यायचा?" सुरेखाबाईंनी पासपोर्ट बटव्यात कोंबले आणि बटवा कमरेला खोचला.

किनाऱ्यावर ही जत्रा! कोणी ढोल बडवतंय, कोणी नारळाचे काप विकतंय, दहा देशांची माणसं दहा भाषांत हसतायत. मुक्ता-विक्रांत पोहायला लांब गेले. सुरेखाबाईंचे पाय शिवशिवायला लागले. पण बटवा भिजला तर? मग त्यांनी वाळूत कोपरभर खड्डा केला, बटवा पुरला आणि वर नवऱ्याला, शशिकांतरावांना, बसवलं. ऊन लागू नये म्हणून डोक्यावर ओला टॉवेल दिला. (माणूस सरकारी खात्यातला. बसायची सवय दांडगी.)

"अहो, इथनं हलायचं नाही. भूकंप झाला तरी."

"नाही हलत गं. जा तू."

पाण्यात एका स्पॅनिश आजीनं हात धरला आणि दोघी लाटांवर उड्या मारायला लागल्या. तरी जीव काही थाऱ्यावर नव्हता. दर लाटेला सुरेखाबाई मागं वळून बघायच्या. शशिकांतराव बसलेलेच दिसायचे. परत आल्या, नवऱ्याला उठवलं, उकरलं. वाळू. आणखी उकरलं. आणखी वाळू.

विक्रांत चपलेनं खणायला लागला. मुक्ता फोनवर विमानाची वेळ बघत रडकुंडीला आली. बियर पीत बसलेलं एक जोडपं काही न विचारता मदतीला धावलं आणि जोमानं भलतीकडंच खणू लागलं. सुरेखाबाईंनी सांगलीला धाकट्या बहिणीला फोन लावला, "वीणे, पासपोर्ट गेले गं! गणपतीपुढं नारळ ठेव!"

"आई, तू नक्की इथंच पुरलंस?" मुक्ता म्हणाली.

"यांना विचार!"

"मी तर हललोच नाही," शशिकांतराव परत गारव्यात बसून म्हणाले.

गारव्यात? सुरेखाबाई थबकल्या. टॉवेल दिला होता तो उन्हासाठी, मग ही सावली कुठली? बघतात तर शेजारी लाल छत्री. छत्रीखाली एक बाई डोळे मिटून पडलेली. कमरेच्या वर अंगावर सूत नाही. आणि वाळूत लांबून इथपर्यंत, म्हैस ओढत आणल्यासारखा एक रुंद चर.

"अहो, ही छत्री कुणाची?"

"सावली होती म्हणून आलो. मग ती सरकली, तसा मीही सरकलो. इंचइंच."

"आणि ही बाई?"

"कुठली बाई? मी बघितलंच नाही."

"सावली दिसली, इंच दिसले, बाई तेवढी दिसली नाही?"

विक्रांत तोंड वर करून विमान बघायला लागला. (आभाळात विमान नव्हतं.)

सुरेखाबाई तडक चराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. बटवा! चारही पासपोर्ट शाबूत! बियरवाल्या बाईनं त्यांना मिठीच मारली.

विमानतळाच्या टॅक्सीत सुरेखाबाई खदखदत होत्या. "सांगलीला सगळ्यांना सांगते. एकेकाला सांगते." शशिकांतराव खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात वीणाचा व्हिडिओ कॉल आला. मागं जाऊबाई, शेजारीण, शेजारणीची सून, सगळ्या दाटीवाटीनं बसलेल्या.

"ताई, मिळाले का गं? घोळ घातला कुणी?"

सुरेखाबाईंनी तोंड उघडलं. यांचा घोळ म्हटला की सावली सांगायला हवी. सावली आली की छत्री आली. छत्री आली की... उद्या अख्खी गल्ली विचारणार, 'भावजी कुणाकडं सरकत होते म्हणे?'

"ताई, आवाज येत नाही! कोण चुकलं म्हणालीस?"

सुरेखाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की त्यांनी खिडकीची काच वर केली. मग ड्रायव्हरसुद्धा दचकेल एवढ्या मोठ्यानं त्या फोनमध्ये ओरडल्या,

"सुरेखा!"