सातव्या भागात अडकलेले चौगुलेअण्णा

चौगुलेअण्णा कादंबरी वाचायला घेतात तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात तीन रंगांचे स्टिकर असतात. हिरवा म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. चाकणच्या आमच्या कंपनीत बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी त्यांच्याकडे आहे, आणि बावीस वर्षं पेट्यांवर जे चिकटवलं तेच ते पुस्तकातल्या माणसांनाही चिकटवतात. नवीन पात्र आलं की त्याच्या नावाशेजारी आधी पिवळा. मग पुढं ते कसं वागतं ते बघून बहुतेक लालच. हिरवा मी आजवर एकदाच पाहिला, तो ड्रॅगनच्या नावापुढे होता.

हो, ड्रॅगनच. अण्णा वाचतात ती ड्रॅगनांची मालिका आहे. सात जाडजूड भाग, मराठी अनुवाद, मुखपृष्ठावर आग ओकणारा प्राणी. पन्नाशी ओलांडलेला, सांगलीकडचा, कपाळाला अष्टगंध लावणारा माणूस कंपनीच्या बसमध्ये हे वाचतोय म्हटल्यावर मला पहिल्या दिवशीच शंका आली. शंका घेणं हे तसं माझंही कामच आहे. मी परचेसमध्ये. मी माल मागवतो, अण्णा तो अडवतात, त्यामुळे गेली दहा वर्षं आम्ही एकमेकांकडे जरा तिरकेच बघतो. त्यात राहायलाही संत तुकाराम नगरात एकाच इमारतीत, आणि बसमध्ये शेजारी शेजारी.

मालिकेतली परदेशी नावं अण्णांच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. राणी म्हणजे मॅनेजमेंट. तिचा पांढऱ्या दाढीचा सल्लागार म्हणजे गोडबोल्या. धाकटा राजपुत्र ट्रेनी. मोशीला बस अडकली की अण्णा पुस्तक मिटतात आणि कुणी न विचारता सुनावणी सुरू करतात.

"तुमाला सांगतो, ह्यो गोडबोल्या लई बेकार माणूस हाय. तीन भाग झाले, एकदाबी कुणावर चिडला न्हाई. न चिडणारा माणूस बघितलाय का तुमी?"

"स्वभाव असेल शांत."

"स्वभाव न्हवं. तयारी असती ती."

ट्रेनीवरही त्यांचा विश्वास नव्हता. तो पानोपानी रडतो, पण त्याचं नाक लाल झाल्याचं लेखकाने एकदाही लिहिलेलं नाही, तेव्हा रडणं खोटं, असा त्यांचा निष्कर्ष. पाचव्या भागात गोडबोल्याने खरोखरच राणीच्या दुधात विष कालवलं, त्या दिवशी अण्णा कंपनीच्या गेटपर्यंत छाती काढून बसले होते. कँटीनमध्ये चार जणांना गाठून त्यांनी सांगितलं की आपण दुसऱ्याच भागात लाल लावला होता. त्या चौघांना हे कशाबद्दल चाललंय तेही कळलं नाही. ड्रॅगनबद्दल मात्र वावगा शब्द ते ऐकून घेत नाहीत. "गावं जाळली, कबूल. पण आधी वरनं दोन चकरा मारल्या, वरडला, मग जाळली. आतल्या गाठीचा न्हाई त्यो."

आता माझ्या संशयाकडे येतो. अण्णा एक भाग तीन आठवड्यांत संपवायचे. सातवा, म्हणजे शेवटचा भाग दिवाळीत बाजारात आला आणि त्यांनी लगेच घेतला. मग संक्रांत झाली, होळी झाली, तरी खूण नवव्या प्रकरणातच. बसमध्ये पुस्तक उघडायचे, तेच पान पुन्हा वाचायचे, कधी दोन पानं मागे जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पुन्यांदा तपासतोय." शिवाय दर रविवारी अकराच्या सुमारास पुस्तक बगलेत मारून ते गच्चीवर जात आणि अर्धा तास फोनवर बोलत. घरात बायको असताना माणूस गच्चीवर जाऊन कुणाशी बोलतो? एका रविवारी चादरी काढायच्या निमित्ताने मीही वर गेलो आणि दोरीवरच्या चादरीआड उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

अण्णा पाण्याच्या टाकीला टेकले होते. "न्हाई गं, पण मॅनेजमेंटनं पत्र लिवलंच का, ते सांग की," असं समजूत घातल्यासारखं बोलत होते. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. बघू म्होरच्या रविवारी."

फोन ठेवून ते चादरीकडे वळले. "या भाईर. पाय दिसत्यात तुमचे."

फोनवर त्यांची मुलगी प्राजक्ता होती. पहिले सहा भाग तिचेच, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न अण्णांशिवाय झालं आणि ती नाशिकला गेली, एवढं इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. कारण माहीत नव्हतं. ते अण्णांनी स्वतःच सांगितलं.

तिने आपण निवडलेल्या मुलाचं नाव सांगितलं तेव्हा अण्णा नाही म्हणाले नव्हते. नवीन सप्लायर आला की करतात तेच त्यांनी केलं. न कळवता, कंपनीच्या चेकलिस्टची प्रत घेऊन, ते निगडीला मुलाच्या घरी ऑडिटला गेले. मुलाच्या आईने पोहे केले. अण्णांनी पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारलं, भिंतीवरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडलं, ते चार मिनिटं मागे निघालं, तसं लिहून घेतलं, आणि खाली त्या बाईंची सही मागितली.

"केली त्यांनी सही, बिचाऱ्यांनी," अण्णा म्हणाले. "पोहेबी चांगले होते, राव. ते न्हाई लिवलं मी. कॉलमच न्हवता."

हे प्राजक्ताला कळलं आणि लग्न परस्पर नोंदणी कार्यालयात झालं. आईशी ती रोज बोलत होती. बापाशी वर्षभर एक अक्षर नाही. मग एक दिवस अण्णांनी तिच्या कपाटातून पहिला भाग काढला, वाचला आणि तिला मोबाईलवर एकच ओळ पाठवली, की ह्या दाढीवाल्यावर माझा विश्वास नाही. त्या रविवारी तिचा फोन आला. तेव्हापासून दर रविवारी येतो. जावयाचा विषय नाही, घराचा नाही. फक्त राणी, दाढीवाला आणि ड्रॅगन.

"आता ह्यो शेवटचा भाग. तिनंबी तिकडं घेतलाय," अण्णा म्हणाले. "संपला की काय बोलणार ती माझ्याशी? म्हणून हात राखून वाचतोय."

मला फार वाईट वाटलं. चादरीआड उभं राहिल्याची लाजही आता वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, "पण तिनं तर कधीच संपवला असेल."

अण्णांनी आधी जिन्याकडे बघून घेतलं, मग माझ्या जवळ आले.

"त्येच म्हणतोय मी. दोन दिसांत पुस्तकाचा फडशा पाडणारी पोरगी हाय ती. आज इचारलं, कुठवर आलीस, तर म्हणती नववं प्रकरण."

"मग?"

"मागच्या महिन्यातबी नववंच म्हणाली. त्याच्या मागच्याबी." अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला संशय येतोय, राव. तीबी मुद्दाम हळू वाचतीय."

अण्णांचा संशय खरा निघावा असं परचेसच्या माणसाला कधी वाटत नाही. त्या रविवारी मला ते अगदी मनापासून वाटलं.