अमरावतीचा घटलेला जन्मदर

पासष्टची लढाई संपली आणि पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, अमरावतीत गरजेपेक्षा जास्त मुले जन्मत असल्याचे जन्मदर नियंत्रण समितीच्या ध्यानात आले. सचिव केशवरावांनी कारण शोधले: लढाईतला ब्लॅकआउट. अंधार एका सप्टेंबरातला, बाळे पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली. मधली तफावत समितीने कार्यालयीन विलंब म्हणून मंजूर केली आणि रस्त्यावरचे दिवे पहाटेपर्यंत चालू ठेवले. आधीच दिवस गेलेल्या बायकांवर दिव्यांचा परिणाम झाला नाही.

मग कोणीतरी लक्षात आणून दिले की जवान रजेवर येऊन गेले होते आणि लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. केशवरावांना हायसे वाटले. ही वाढ अमरावतीची नव्हतीच, ती आयात होती. गरोदर लेकींना सासरी परत पाठवण्याचा ठराव एकमताने झाला. समितीत लेक एकही नव्हती.

दुर्गाबाईंची लेक शकुन नववा महिना लागल्यावर माहेरी आली होती. नवरा फौजेत, सासर अकोल्याला. मूल पायाळू आहे, बाळंतपण दवाखान्यातच करा, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. दुर्गाबाई समितीच्या कचेरीत गेल्या.

"साहेब, दवाखाना इथं हाये. पोरीले अकोल्याले कावून धाडता?"

"बाई, मुलाला आमची हरकत नाही. जागेला आहे."

"तुमी कुठं जन्मले?"

केशवराव आजोळी जन्मले होते. परंतु तेव्हा समिती स्थापन झालेली नव्हती, असे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले.

शकुनला एस.टी.त बसवले; दुर्गाबाई सोबत निघाल्या. अकोल्याच्या वेशीवर तिथल्या समितीचे गृहस्थ उभे होते. त्यांचाही जन्मदर वाढला होता, आणि ते रूढी मानणारे होते. पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणून मूल अमरावतीचे, असा निर्वाळा देऊन त्यांनी मायलेकींना परतीच्या गाडीत चढवले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे शकुनच्या कळा वाढल्या. कंडक्टरने गाडी थांबवून पुरुषांना खाली उतरवले. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. मूल पायांकडून आले, निळे पडले. दुर्गाबाईंनी त्याची पाठ चोळली, तोंडावर फुंकर मारली.  मग ते रडले, आणि खाली उभे असलेले पुरुष चहाची चौकशी करू लागले.

दोन्ही शहरांनी हे मूल आपल्या आकड्यात धरले नाही. अशी बरीच मुले त्या रस्त्यावर झाली. काही रडली नाहीत, तीही कोणी धरली नाहीत. दोन्हीकडचा जन्मदर झपाट्याने उतरला.

मार्चमध्ये केशवरावांचा सत्कार झाला. आम्ही सगळे सुशिक्षित नागरिक हजर होतो. दुर्गाबाई नातवाला घेऊन मागे उभ्या होत्या. केशवराव घटीचे टक्के सांगू लागले तोच नातू मोठ्याने रडायला लागला. टक्के ऐकू येईनात. आम्ही सर्वांनी मागे वळून त्या बाईकडे रागाने पाहिले आणि तिला बाहेर जायला सांगितले. तुम्हीही सांगितले असते. भाषण खरोखरच चांगले होते.