त्रास : काही जाणवत नाही

"अर्ध्या तासात दाखला हातात! तू फक्त मागे उभी राहून बघ!" कंडक्टरने बायकोला ऐकवलं आणि तपासणी केंद्राच्या पहिल्याच पायरीवर त्याची चप्पल मागे राहिली, पाय पुढे गेला. हे त्याला तीन पायऱ्यांनंतर कळलं, तेही बायकोने चप्पल नाकासमोर धरली तेव्हा.

सव्वीस वर्षं त्याने चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली होती. पाय म्हणजे दगड, असं तो अभिमानाने सांगायचा. गेल्या दोन वर्षांत ते खरोखरच दगड झाले. नसा निकामी होत चालल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तळव्याखाली फरशी आहे की गादी, हे त्याला डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. त्यामुळे तो मान खाली घालून चाले, आणि रस्त्यात भली माणसं विचारत, "काका, काही पडलंय का तुमचं?"

बसमध्ये दोनदा तो स्वतःच प्रवाशांच्या मांडीवर पडला, तेव्हा आगारप्रमुखांनी बोलावून घेतलं. "तिकीटखिडकीवर बसवतो तुम्हाला. पण शनिवारी सकाळी अपंगत्वाचा दाखला माझ्या टेबलावर हवा. नाहीतर घरी बसा, बिनपगारी."

आज शुक्रवार होता. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. केंद्र पाचला बंद.

खरं तर दाखला महिन्यापूर्वीच मिळायचा. तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने विचारलं होतं, "त्रास काय?" कंडक्टरने सरळ सांगितलं, "पायांत काही जाणवत नाही." कारकुनाने रकाना भरला, 'त्रास : काही जाणवत नाही.' आणि आठवड्याने घरी पत्र आलं, 'अर्जदारास कोणताही त्रास जाणवत नसल्याने अर्ज नामंजूर!'

म्हणून आज बायकोने बाकावर बसल्या बसल्या उजळणी घेतली.

"'जाणवत नाही' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत! कळलं?"

"कळलं."

"विचारलं तर काय म्हणाल?"

"जाणवतं. भयंकर जाणवतं."

"शाबास!"

साडेचारला नाव पुकारलं. आत एक तरुण डॉक्टर होता, सकाळपासून चाळीस जण तपासून पिळून निघालेला. त्याने कंडक्टरला खाटेवर आडवं केलं. "काका, डोळे मिटा. मी पायाला टोचतो. कळलं की सांगा."

डोळे मिटले की कंडक्टरचे पाय जगातूनच नाहीसे होत. टोचलं कधी, कळणार कसं?

"जाणवतं!" तो ओरडला.

"अहो, मी अजून सुई हातात घेतोय."

जरा वेळ गेला.

"आता! भयंकर जाणवतं!"

"काका," डॉक्टर थंडपणे म्हणाला, "मी गादीला टोचतोय."

डॉक्टरने सुई ठेवली आणि पेन उचललं. "पढवून आणलंय का कोणी?"

"हिनेच!" कंडक्टर घाईने म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने विनातिकीट प्रवाशालासुद्धा इतक्या झटकन पकडून दिलं नव्हतं.

"अहो!" बायको पत्र फडकावत पुढे आली. "डॉक्टरसाहेब, लिहिण्याआधी एवढं वाचा. हात जोडते!"

डॉक्टरने वाचलं. पेन अर्ध्यावर थांबलं. चार एकेचाळीस. "ठीक आहे. काका, पाय जुळवून उभे राहा. हात खाली, डोळे बंद. मी समोरच आहे, पडू देणार नाही."

एक. दोन. तिसऱ्या आकड्याला कंडक्टर डुलू लागला. तोल गेला की वरचा दांडा धरायचा, ही त्याच्या हाताला लागलेली जन्माची सवय. हात वर गेला. दांडा होता, पण पडद्याचा! पडदा, दांडा आणि कंडक्टर असा सगळा संसार डॉक्टरवर कोसळला.

"आई गं! घोटा!"

"दुखतंय का हो?" कंडक्टरने पडद्याखालून विचारलं.

"दुखतंय म्हणजे? जीव चाललाय!"

"नशीबवान आहात," कंडक्टर अगदी मनापासून म्हणाला.

आवाज ऐकून खिडकीतला कारकून अपघाताची वही घेऊनच आला. डॉक्टरला खुर्चीवर बसवलं गेलं. घोटा सुजून वांग्याएवढा झाला होता, पण नोंद झाल्याशिवाय डॉक्टरला रजा मिळत नसते.

"यांनी ढकललं?" कारकुनाने विचारलं.

"ढकललं नाही हो, पडले ते!"

"कसे पडतील? आमच्याच कागदावर आहे, यांना काही त्रास नाही. धडधाकट माणूस डॉक्टरवर पडला म्हणजे मारहाण. पोलिसांना कळवावं लागेल."

"अहो, पण मला आधी एक्स-रेला तर जाऊ द्या!" डॉक्टर कळवळला.

"मग पडण्याचं कारण सांगा. लिहितो."

चार एक्कावन्न. कंडक्टरने बायकोकडे पाहिलं. नोकरी जाणार ती जाणारच, वर कोठडी! बायकोने डोळ्यांनी खुणावलं, बोला आता.

"पायांत काही जाणवत नाही," तो पुटपुटला.

कारकुनाचं पेन चालू लागलं, "काही जाणवत..."

"पायांत!" बायको आणि डॉक्टर एकाच वेळी किंचाळले. "आधी 'पायांत' लिहा!"

लिहिलं. आणि वहीत तसं लिहिल्यावर दाखल्यावर वेगळं लिहिण्याची सोयच उरली नाही. डॉक्टरने दात आवळून सही केली, चार अठ्ठावन्नला शिक्का बसला. पण चालण्याची तपासणी राहिली होती. म्हणून कारकुनाने खाली ओळ घातली, 'तात्पुरता. सदर डॉक्टर कामावर रुजू होऊन उर्वरित तपासणी करेपर्यंत वैध.'

शनिवारपासून कंडक्टर तिकीटखिडकीवर बसतो. त्याची बायको दर सोमवारी न चुकता केंद्रात फोन करून डॉक्टरांच्या पायाची चौकशी करते. तिथल्या लोकांना फार कौतुक वाटतं, इतकी काळजी कोण करतं हल्ली!

या सोमवारी तिने फोन ठेवला तो तोंड पाडूनच.

"काय म्हणाले?"

"प्लास्टर काढलं. आधाराशिवाय दहा पावलं चालले म्हणे."

कंडक्टरने दाखला काढून खालची ओळ पुन्हा वाचली.

"इतकी घाई करू नये माणसाने," तो म्हणाला. "पाय म्हणजे काय खेळ आहे?"