आबा परबांचा अतिथी

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये आबा परब शिरले की मी आधी मान खाली घालतो. ते "कसा आहेस?" असं कधी विचारत नाहीत. नुसते तोंडाकडे बघतात आणि सातवा मजला येईपर्यंत निदान सांगून मोकळे होतात. "दुपारी वडापाव. त्यावर कटिंग. त्यावर साहेबाची बोलणी. तिन्ही पचलेली नाहीत." हे सगळं चार परक्या माणसांसमोर. वाईट म्हणजे ते बरोबर असतं.

आबा परळच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तेहतीस वर्षं काउंटरला होते. "तोंड बघितलं की मला पोट दिसतं," असं ते म्हणतात. भूक एकाच जातीची नसते हा त्यांचा सिद्धांत. वेळेची वेगळी, वासाची वेगळी, भांडून आलेल्याची वेगळी. "पोटाला विचार" हे त्यांचं पालुपद. गुडघा दुखतोय? पोटाला विचार. पोराला नोकरी लागत नाही? पोटाला विचार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या कंत्राटावरून हमरीतुमरी चालली होती, तेव्हा सेक्रेटरीने चुकून त्यांचं मत विचारलं. आबा उठून म्हणाले, "आधी सगळ्यांना बटाटेवडे मागवा. उपाशी माणसांनी हात वर करू नये." वडे आले आणि कंत्राट आजतागायत लटकलेलं आहे. आम्ही महिन्यातून चार दिवस जिना चढतो.

एवढं मी सोसतो. माझी निवृत्ती दीड वर्षावर आली आहे, भांडायचं त्राण राहिलेलं नाही. पण मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की मला खरोखर शीण येतो.

त्या दिवशी आमची गल्ली दत्तजयंतीच्या गडबडीत असते. आबांकडे अन्नपूर्णा जयंती असते. हातात पळी घेतलेली बोटभर पितळी अन्नपूर्णा, आबांच्या बायकोला, कमलकाकूंना, त्यांच्या आईने लग्नात दिलेली. काकू जाऊन बारा वर्षं झाली. आबा तिला तांदळाच्या वाटीत बसवतात, गॅसची शेगडी घासूनपुसून तिला हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. मग एकट्याने साग्रसंगीत स्वयंपाक करतात. आणि तो झाला की जेवत नाहीत.

का, तर व्रत. अतिथी जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. "अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. बोलावलेला तो पाहुणा," हे ते दर वर्षी मला समजावून सांगतात. त्याला बोलवायचं नाही, पकडून आणायचं नाही. त्याने आपल्या पायांनी यायचं आणि भुकेल्या पोटी यायचं. दिवेलागणीपर्यंत कोणी आलं नाही तर पाणी पिऊन झोपायचं. आबांना मधुमेह आहे. गेल्या वर्षी संध्याकाळी ते ओट्यापाशी कोसळले होते. मी त्यांच्या तोंडात साखर कोंबली, तर डोळे उघडून आधी म्हणतात काय, "ही साखर जेवणात धरायची नाही हां."

चाळीत हे व्रत निभून जायचं. दारं उघडी, कोणी ना कोणी टपकायचंच. गावाहून आलेला कुणाचा तरी मेहुणा, नाहीतर पत्ता चुकलेला एखादा. चाळ पाडून टॉवर झाला आणि खाली वॉचमन बसला.

"यादव, आज माझ्याकडे कोणी आलं तर मला कळवायचं नाही," आबांनी त्याला बजावलं.

"अंकल, बिना पूछे कैसे छोडूँ?"

"अरे मेल्या, तू विचारलंस की तो पाहुणा होतो!"

यादवला काही कळलं नाही. मलाही त्याला समजावण्याचा उत्साह नव्हता.

शेजाऱ्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. चौथ्या मजल्यावरच्या सावंतबाई एकदा "सहज आले हो आबा" करत दारात उभ्या राहिल्या. आबांनी हवेत नाक फिरवलं. "बाई, तोंडाला बडीशेपेचा वास येतोय. जेवून वर बडीशेपही झाली." त्यांना वाटीभर खीर मिळाली, पण हिशेबात धरलं नाही. मी ऑफिसातला एक माणूस अनोळखी म्हणून पाठवला. त्याला बघून आबा माझ्याच दाराशी आले. "याला भूक नाही, याला पाठवलंय."

त्यांची मुलगी वंदना डोंबिवलीला असते. ती आली तर घरची, अतिथी कशी होणार? म्हणून ती सकाळपासून मला फोन करते, "काका, तेवढं बाबांना जेवायला लावा." समोरच्या दारात राहायची ही शिक्षा आहे. मी स्वतःही दोन वर्षं भूक लागल्यासारखं पोट धरून गेलो होतो. दोन्ही वेळा "पोटाला विचार" म्हणून परत पाठवला गेलो.

यंदा ती पौर्णिमा कधी आली मला कळलंच नाही. माझा धाकटा भाऊ नऊ दिवसांपासून हॉस्पिटलमध्ये होता, डोक्यात रक्तस्राव होऊन बेशुद्ध. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला. मी रात्रंदिवस तिथल्या बाकड्यावर. त्या दिवशी संध्याकाळी पाचला वहिनीने मला जबरदस्तीने घरी पाठवलं. लिफ्ट बंद होती. सात मजले चढून दाराशी आलो, खिसे चाचपले, तर किल्ली हॉस्पिटलमध्येच राहिलेली. परत खाली उतरायची ताकद नव्हती. मी चपलांच्या स्टँडला टेकून जमिनीवरच बसलो. वंदनाचे सहा मिस्ड कॉल होते, तेही मी पाहिले नव्हते.

समोरचं दार उघडलं. आबा कोणी येतंय का ते बघायला डोकावले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आबा, काही खायला आहे का हो?"

मला वाटलं, आता उलटतपासणी. पण ते एवढंच म्हणाले, "हात धू."

वरणभात, वर तूप, वालाचं बिरडं, भोपळ्याची भाजी, खीर. मी मान वर केली नाही. तीनदा भात घेतला. पाटावरची अन्नपूर्णा आणि शेगडीवरचं झेंडूचं फूल दिसलं तेव्हा कुठे मला आज कोणता दिवस आहे ते उमगलं, आणि मी ओशाळलो.

"तुम्ही सकाळपासून उपाशी?"

"आता बसतो ना." त्यांनी ताट वाढून घेतलं. पहिला घास गिळेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"आबा, पुरे झालं हे व्रत. कुठल्या पोथीत सांगितलंय एवढं?"

त्यांनी भातावर आणखी वरण ओतलं.

"पोथीत नाही रे. मीच काढलंय."

"म्हणजे?"

"कमल गेल्यापासून एकट्याने घास उतरत नाही. तोंडातच फिरतो. तेहतीस वर्षं माणसांना जेवताना बघायची सवय. रोज कोणाला बोलावणार? लोक एकदा येतात, दोनदा येतात, मग कंटाळतात. वर्षातला एक दिवस देवीच्या नावावर खपून जातं."

"आणि सावंतबाईंना परत का पाठवलंत?"

"ती दया करायला आली होती. दया करणारं माणूस जेवत नाही सुध्या, दोन घास चिवडतं."

मला फार लाज वाटली. सहा वर्षं मी या माणसाच्या समोर राहतो. दर पौर्णिमेला त्याच्या पोटाची काळजी केली, वैतागलो, ऑफिसात त्याचे किस्से सांगून हशे मिळवले. बाकीच्या दिवशी त्या बंद दाराआड तो कसा जेवत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी ताट उचलायला गेलो तर त्यांनी हात धरला. "भाऊ काय खातो?"

"नळीतून देतात."

"हं." ते उठले, माझ्याकडे पाठ करून डब्यांशी खुडबुड करू लागले. "सकाळी किती वाजता निघतोस तिकडे?"

"आठला."

"मग साडेसातला ये. बोलावतोय मी." मग घाबरत घाबरत विचारल्यासारखं, "काय करू? पोहे, की घावणे?"

"घावणे," मी म्हटलं, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

आबांनी वळून बघितलं नाही. ते दोन माणसांचे तांदूळ भिजत घालत होते.